तोंड सारखं, कूळ वेगळं

माझे वडील बाळगोंडा पाटील सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आमच्या जैन पाटलांच्या भावकीत सगळे शेतीत, नाहीतर हळदीच्या व्यापारात. पुस्तकाच्या वाटेला गेलेले अण्णा पहिलेच. माझे थोरले चुलते सरळ म्हणायचे, "बाळगोंडाला नांगूर धरता येईना, म्हणून खडू धरलाय." अण्णा ते ऐकून हसायचे. रागावणं त्यांना जमत नसे आणि घाई तर त्याहून जमत नसे. शाळेची घंटा होऊन गेली तरी हा माणूस आपल्या चालीनंच चालायचा. त्यांना पळताना मी जन्मात एकदाच पाहिलं, त्याची ही गोष्ट आहे.

अण्णांना एक नाद होता. कुणाला पानाचा असतो, कुणाला तमाशाचा. आमच्या अण्णांना इंग्रजी शब्दांचा. तेही साधे शब्द नव्हेत. खुद्द इंग्रजांनाही रोज लागत नाहीत असे आडवळणाचे, आणि त्यातही दिसायला जुळ्यासारखे पण अर्थानं एकमेकांच्या शिवेलाही न लागणारे. शाळेत एक जाडजूड शब्दकोश होता. कुठला शब्द कुठल्या मुलखातनं आला, हे त्यात दिलेलं असे. मधल्या सुट्टीत अण्णा त्यात डोकं घालून बसायचे आणि सापडलेली जोडी संध्याकाळी घरी घेऊन यायचे. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं. पानात भाकरी पडली की अण्णा सुरू व्हायचे.

"सोयरीक करताना आपण काय बघतो? नुसतं तोंड बघून पोरगी देतो का? कूळ विचारतो. शब्दाचंही तसंच आहे. तोंड सारखं, कूळ वेगळं!"

हे त्यांचं पालुपद. शाळेतली पोरं त्यांच्या माघारी याचीच नक्कल करायची.

आव्वा, म्हणजे आमची आई पद्मावती, चुलीपुढनं म्हणायची, "आवं, शब्दांची कुळं हुडकण्यापरास पोरीला एखादं स्थळ हुडका की. का तिचं लगीन त्या पुस्तकातल्या कुणाशी लावतासा?"

पोरगी म्हणजे मी, चंदनबाला. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा. भाकरीबरोबर माणसाला कालवण लागतं, लॅटिन कशाला? पण माझा भाऊ आदगोंडा, आमचा आदू, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो घास हातात धरून ऐकत बसायचा. शाळेत पन्नास पोरांपुढे बोलून अण्णांना जे मिळालं नाही ते घरातल्या या एका पोरानं त्यांना दिलं.

एकदा कृष्णेला पूर आला होता. अण्णा आम्हा दोघांना पाणी दाखवायला आयर्विन पुलावर घेऊन गेले. लोक पाणी कुठवर चढलं ते बघत होते, बायका ओटी सोडत होत्या. आमच्या अण्णांचं भलतंच.

"टर्बिड म्हणजे गढूळ. त्याचं मूळ 'टुर्बा', म्हणजे गर्दी, गलका. गर्दीनं तुडवलं की पाणी गढुळतं. आणि टर्जिड म्हणजे फुगलेलं, सुजलेलं. त्याचं कूळ निराळं, ते फुगण्यावरनं आलंय. दोघांची तोंडं मात्र बघा, सख्खे भाऊ वाटतील."

आदूनं पुलाच्या कठड्यावरनं खाली बघितलं. "मग आजची नदी कोण, अण्णा?"

अण्णा खूश होऊन हसले. "दोन्ही रे! कधी कधी दोन कुळं एका घरात नांदतात."

मी दारात आदूचं बोट चेंगरलं तेव्हाचीही एक आठवण आहे. नख काळंनिळं झालं. आदूनं मला 'सॉरी' म्हणायला शिकवलं आणि मी रडत रडत म्हटलं. अण्णांनी बोटाला हळद लावली आणि लावता लावता सांगितलं, की सॉरी हा दुखऱ्या जागेच्या, जखमेच्या कुळातला शब्द आहे. त्याच्यासारखाच दिसणारा सॉरो, म्हणजे दुःख, तो काळजीच्या कुळातला. लोक त्यांना बहिणी समजतात, पण त्यांचं जन्माचं नातं काही नाही. मी म्हटलं, "अण्णा, आधी चिंधी बांधा."

आणि एक जोडी सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. आदूनं शेजारच्या परड्यातले पेरू चोरले आणि पकडला गेला. अण्णांनी मारलं नाही. मारायचं त्यांना येतच नव्हतं. ते म्हणाले, "हा अपराध व्हीनिअल आहे. 'व्हेनिया' म्हणजे क्षमा. ज्याची क्षमा होऊ शकते तो व्हीनिअल. आता याच्या तोंडाचा दुसरा बघ, व्हीनल. तो बाजाराच्या कुळातला, 'व्हेनुम' म्हणजे विक्री. पेरू चोरणारा व्हीनिअल. आणि पेरूची पाटी घेऊन मालकाच्या बाजूनं खोटी साक्ष देणारा व्हीनल, म्हणजे विकला गेलेला. बी.ए. झालेली माणसंसुद्धा इथं घसरतात. तू घसरू नको."

आदू घसरला नाही. अजून मला कधी कधी वाटतं, घसरला असता तर बरं झालं असतं.

आमच्यात भाद्रपदात दहा दिवस दशलक्षण पर्व असतं आणि ते सरलं की क्षमावाणीचा दिवस येतो. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पूजा झाली की प्रत्येकानं दुसऱ्यापुढे हात जोडायचे. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर 'उत्तम क्षमा' म्हणायचं. समोरच्यानंही 'उत्तम क्षमा' म्हणायचं, की मिटलं. लहानथोर बघायचं नाही. सासू सुनेची क्षमा मागते, मालक गड्याची मागतो. अण्णा तर परसातल्या म्हशीपुढेही हात जोडायचे. तिच्या रेडकाचं दूध वर्षभर प्यालो म्हणायचे. पण माणसाची क्षमा समोरासमोर मागावी लागते, असं त्यांचं म्हणणं. निरोप धाडून भागत नाही. ऐकणाऱ्यानं ऐकलं पाहिजे आणि उत्तर दिलं पाहिजे.

बेचाळीस साली पावसाळ्यात सगळा मुलूख पेटला. माझं लग्न आदल्या वर्षी तासगावला झालं होतं. आमचे हे, जयपाल, तिथं धान्याची अडत चालवायचे. तासगावच्या कचेरीवर लोकांनी तिरंगा चढवला तो गलका मी माडीवरनं ऐकला आणि मग पर्वासाठी माहेरी सांगलीला आले. आदू तेव्हा विश्रामबागेच्या कॉलेजात होता, म्हणजे नाव तिथं होतं. पोरगा दिवस दिवस घरी नसायचा. आव्वानं विचारलं तर म्हणायचा, "मित्राकडं हुतो." अण्णा विचारायचेच नाहीत. संध्याकाळी दोघं जेवायला बसले की शब्द निघायचे, आणि तेवढ्यापुरतं घर पूर्वीसारखं व्हायचं.

पर्व संपत आलं होतं. एका सकाळी अण्णांच्या शाळेच्या भिंतीवर एक पत्रक चिकटवलेलं सापडलं. हातानं लिहिलेलं, सगळं इंग्रजीत. युद्धाच्या नावाखाली रयतेला नाडणाऱ्या आणि वर चिरीमिरी खाणाऱ्या अंमलदारांना त्यात झोडपलं होतं. फौजदार ते सोलून घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत आला. त्याला वर अहवाल पाठवायचा होता आणि एका शब्दापाशी त्याचं अडलं होतं. हेडमास्तरांनी अण्णांना बोलावणं धाडलं.

पुढचं अण्णांनी मला स्वतः सांगितलंय, एकदा नव्हे, कितीदा तरी. त्यांनी चष्मा लावला, पत्रक हातात घेतलं आणि तो शब्द बघितल्याबरोबर त्यांना कोण आनंद झाला. समोर फौजदार बसलाय, बाहेर शिपाई उभा आहे, कशाचं भान म्हणून राहिलं नाही. "व्हीनल!" ते म्हणाले. "व्हीनिअल नव्हे, व्हीनल! 'व्हेनुम'वरनं. विकला गेलेला माणूस. इथं कितीजण घसरतात सांगू तुम्हाला! पण पोरगं घसरलं नाही. अगदी नेमका घातलाय!"

"कुठलं पोरगं, मास्तर?" फौजदारानं विचारलं.

हेडमास्तर खिडकीतनं बाहेर बघू लागले. त्या गावात हा शब्द एकाच घरात भाकरीबरोबर वाढला जात होता, हे त्यांना ठाऊक होतं. आता फौजदारालाही ठाऊक झालं.

तेव्हा अण्णा पळाले. दुसऱ्या तासाला वर्गात जातो म्हणून खोलीतनं निघाले आणि शाळेच्या मागल्या बाजूनं धोतराचा सोगा हातात धरून पळत सुटले. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पळताना दिसलं आणि आधी मला ओळखच पटली नाही. टोपी नव्हती, दोऱ्यानं बांधलेला चष्मा एका कानाला लोंबत होता.

आदू घरातच होता. अण्णांनी दाराची कडी धरली आणि धापा टाकत म्हणाले, "मी बोलून बसलो. तुझा शब्द बघितला आणि बोलून बसलो. जा."

आदूनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग सदरा अंगात घातला आणि परसातनं नदीच्या बाजूला निघून गेला. आमच्या घरात कुणी परगावी निघालं तर वडिलांच्या पायांना हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. मीही सासरी जाताना लावते. आदूनं लावला नाही. अण्णांनी ते बघितलं आणि मीही बघितलं.

पोलिसांना घरात काहीच मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाटील, तुम्ही कर्तव्य केलंत." बापानंच पोराचं नाव फौजदाराला सांगितलं, असा त्याचा अर्थ. गावातही हळूहळू तेच झालं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दुकानात अण्णा शिरले की बोलणी थांबायची. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना शब्द निघाले नाहीत. अण्णा खाली मान घालून दोन घास खायचे आणि उठायचे. मला ही इंग्रजी भाषा कधी आवडली नव्हतीच, पण त्या शांततेत बसण्यापेक्षा तीच बरी होती.

चार दिवसांनी क्षमावाणी आली. अण्णांनी बस्तीत सगळ्यांची क्षमा मागितली, त्या हेडमास्तरांचीसुद्धा घरी जाऊन मागितली. मग ओसरीवर येऊन दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडं बघत बसले. त्यांना वाटलं होतं, आजच्या दिवशी तरी पोरगा येईल. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ज्याच्या मागं फौजदार लागलाय तो पोरगा बापाला माफ करायला भर दिवसा येतो काय?

आव्वा त्यांना कधी टाकून बोलली नाही. वर्ष सरलं आणि दुसरी क्षमावाणी जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाली, "बसून काय हुतंय? हुडका."

कुंडलाच्या बाजूला भूमिगत पोरांचा वावर आहे, असं सगळेच कुजबुजायचे. अण्णा तासगावला माझ्याकडं आले आणि तिथनं एकटेच गावं फिरले. काळा कोट, टोपी, चष्मा, आणि सांगलीचं शुद्ध बोलणं. दारोदार विचारायचे, "आदगोंडा पाटील नावाचा मुलगा इथं आहे का?" त्यांना कोण सांगणार? भूमिगत पोरगा आपल्या नावानं राहत नाही, हेसुद्धा या माणसाला कळलं नव्हतं. लोकांनी त्यांना सरकारचा माणूस समजून पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. परत आले तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. मी कढत पाण्यात पाय बुडवून दिले तर म्हणाले, "चंदा, मला त्याला घरी न्यायचं नाही. नुसतं समोर उभं राहायचंय. मग तो काय म्हणेल ते म्हणू दे."

चव्वेचाळीस साली ते पुन्हा आले. क्षमावाणी दुसऱ्या दिवशी होती. पाऊस नुकता थांबला होता आणि आमच्या अडतीपुढनं गल्लीचं पाणी लोटत होतं. मुगाची पोती घेऊन आलेले शेतकरी आडोशाला बसले होते. सासऱ्यांचा चेहरा बघवेना म्हणून आमच्या ह्यांनी उगाच विषय काढला. "अण्णा, हे असलं पाणी. याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात?"

दोन वर्षांत कुणी त्यांना असलं विचारलं नव्हतं. अण्णांनी पाण्याकडं बघितलं आणि सवयीनं बोलून गेले, "टर्बिड. फुगलेलं असतं तर टर्जिड. तोंड सारखं, कूळ वेगळं." आणि लगेच गप्प झाले.

पोत्याला टेकून बसलेला एक शेतकरी सरळ झाला. आकाराम त्याचं नाव, कुंडलाजवळच्या एका मळ्यातला. दर साली माल आमच्याकडंच घालायचा. "मास्तर," तो म्हणाला, "ह्ये 'तोंड सारखं, कूळ येगळं' तुमी कुणाकडनं शिकलासा?"

"कुणाकडनं नाही," अण्णा म्हणाले. "माझंच आहे ते."

आकारामनं त्यांना खालवर न्याहाळलं. मग मुगाचं माप तसंच टाकून उठला. "गाडी जुपतो. चला माज्यासंगट."

मीही उठले. सासूबाईंना विचारायचंही मला सुचलं नाही.

त्या गाडीतला प्रवास मला आठवू नये असं वाटतं आणि तोच सगळ्यात जास्त आठवतो. अण्णांचा चेहरा उजळला होता. त्यांनी विचारलं, "बरा आहे ना?" आकाराम बैलांकडं बघत म्हणाला, "घरी गेल्यावं बोलू." अण्णांनी माझ्याकडं बघून मान डोलावली, रस्त्यात असलं बोलू नये, हे आपल्याला कळतं, अशी. मग सगळी वाट ते माझ्याशी हळू आवाजात बोलत राहिले. आधी हात जोडावेत की आधी बोलावं? उद्याचा दिवस आहे, पण आज मागितली तर चालेल ना? मी हो म्हणत होते. मला आकारामची पाठ दिसत होती आणि त्या पाठीकडं बघून मला सगळं कळलं होतं.

मळ्यातल्या छपराच्या दारात आकारामची बायको अंबूबाई उभी होती. तिनं अण्णांना बघितलं आणि दाराचा खांब धरला.

"तुमी गेल्या साली आला हुतासा," ती म्हणाली. "ह्या दारात. पानी मागितलासा."

अण्णांना आठवेना. इतक्या दारांत ते उभे राहिले होते.

"पोरगं हाय का म्हनून इचारलासा, आन मी न्हाई म्हनलं. कोट बघितला, चस्मा बघितला, मला वाटलं सरकारचं मानूस. त्यो मळ्यात मोटंवर हुता. सांजंला भाकरी खायाला बसला तवा सांगितलं, दोऱ्यानं चस्मा बांधल्यालं मानूस आलं हुतं. तर भाकरी तशीच टाकून पळाला. पार ठेसनापत्तोर पळाला. गाडी गेल्याली."

"आता कुठं आहे तो?" अण्णांनी विचारलं.

आकाराम पुढं आला. "गेला, मास्तर. उन्हाळ्यात. ताप आला त्यो उतरलाच न्हाई. डाक्तर आनतो म्हनलं तर नगो म्हनाला, गाव उघडं पडंल म्हनाला. तुमाला कळवायचं तर तुमचं गाव ठावं, नाव ठावं न्हाई, घरच्या कुनाचंच नाव त्यानं कवा सांगितलं न्हाई. आमी त्याला गुंडा म्हनायचो. आग मीच दिली."

अण्णा खाली बसले, चिखलातच. मी त्यांच्या शेजारी बसले. रडण्याआधी मला आठवतं ते एवढंच, की मला त्या बाईचा भयंकर राग आला. एक 'हो' म्हटली असती तर दोघं समोरासमोर आले असते.

मग अण्णांनी विचारलं, "माझ्यावर रागावला होता का तो?"

"राग?" अंबूबाई म्हणाली. "आवं, त्यो सबूद त्यानं तुमच्यासाठीच घातला हुता. आमाला सांगायचा की. म्हनायचा, मावशी, साळंच्या भित्तीवर लिवलं म्हंजी अण्णा वाचनार. कुनी लिवलं ते त्यास्नी कळंल आन मनातनं खूश हुतील, येवढंच डोस्क्यात हुतं. ते मोठ्यानं खूश हुतील, ह्ये काय म्या धरलं न्हवतं. माज्यापायी त्यास्नी गाव नावं ठिवत आसंल, म्हनायचा."

"पण पायांना हात न लावता गेला."

"त्ये बी सांगितलंय. पायाला हात लावाय वाकलो आसतो तर माजा पाय निगाला नसता, म्हनाला. जल्मात कवा पळाला न्हाई त्यो मानूस माज्यासाठी पळत आला, आन मी तसाच आलो, म्हनायचा. दोन साल, तुमचा त्यो माफीचा दिस आला की बांधावं जाऊन सांगलीकडं त्वांड करून हुबा ऱ्हायचा, हात जोडून. मग घरात येऊन आमची माफी मागायचा. आमी हसायचो, आरं आमची कसली माफी? तर म्हनायचा, हसू नगा, जबाब द्या. जबाब दिल्याबिगार मिटत न्हाई."

अण्णा उठले. चिखलानं भरलेलं धोतर, टोपी हातात. ते अंबूबाईपुढं उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. कुणाची क्षमा मागायची होती आणि पुढ्यात कोण होतं! शेवटी म्हणाले, "उत्तम क्षमा."

त्या अडाणी बाईनं पदरानं तोंड पुसलं, तिनंही हात जोडले आणि आदूनं शिकवला होता तो जबाब दिला. "उत्तम क्षमा," ती म्हणाली, एकेक अक्षर सावकाश. मग तशीच वाकून अण्णांच्या पायाशी बसली. "आता माजी बी मागते. मी दारातनं परत धाडलं तुमाला."

अण्णा कितीतरी वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, आता बोलणारच नाहीत, आणि न बोलले तर बरं, असंही वाटलं. पण त्यांनी वाकून तिला उठवलं आणि जबाब दिला.

परतताना गाडीत ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "चंदा, सॉरी आणि सॉरो यांचं नातं नाही, असं मी जन्मभर शिकवलं. कूळ वेगळं आहे, ते खरं. पण इतकी वर्षं एका घरात नांदल्यावर आता कोण कुणाचं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही." मी त्यांचा हात धरला. लहानपणी मला त्यांच्या बोलण्याचा कंटाळा यायचा, त्या दिवशी वाटलं बोलत राहावं.

सांगलीला आव्वाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "त्याला जेवाय कोन करून घालत हुतं?"

मी सांगितलं, की अंबूबाई दिवस बुडायच्या आत त्याच्यापुरती भाकरी आधी करायची. तो कांदा खात नव्हता म्हणून कालवणही निराळं. गडी शिवारातनं यायच्या आत त्याचं जेवण झालेलं असायचं.

आव्वानं डोळ्यांना पदर लावला. "तिला एक चांगलं लुगडं धाडा," ती म्हणाली. तिनं बसल्या जागी त्या बाईला माफ केलं. मला ते जमलं नाही. मी लुगडं घेतलं, चांगल्या काठाचं घेतलं, आणि आकारामच्या गाडीत ठेवून दिलं. स्वतः गेले नाही.

अण्णा मात्र दर क्षमावाणीला त्या मळ्यात जायचे. जाताना माझ्याकडं उतरायचे, मला चल म्हणायचे, मी काहीतरी कारण काढायची. शाळेत ते शिकवत राहिले, पण त्या जोड्या त्यांनी पुन्हा कधी शिकवल्या नाहीत. स्वातंत्र्य आलं तेव्हा हेडमास्तरांनी झेंड्यापुढं त्यांना आदूबद्दल बोलायला उभं केलं. अण्णा म्हणाले, "त्याचं इंग्रजी चांगलं होतं," आणि खाली बसले. पोरं हसली. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात अण्णा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी तासगावला बस्तीतनं येऊन घराच्या ओसरीवर बसले होते. ऊन चढलं होतं. दारात एक बाई येऊन उभी राहिली. अनवाणी, पाय धुळीनं भरलेले. मी धाडलेलं लुगडं तिच्या अंगावर होतं. दर साली आदल्या सांजेलाच मळ्यात पोचणारे मास्तर या साली आले नाहीत, म्हणून ती कुंडलाकडनं चालत आली होती. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाई, वाईच पानी मिळंल का?" अंबूबाई म्हणाली.

मी उठले. तांब्या भरून आणला, तिच्या हातात दिला आणि ती पाणी पिईपर्यंत तिथंच उभी राहिले. मग मी हात जोडले.